जेलवर एकच बँड आहे, तरी पीएनगेज एफ साखर का कापत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएनगेज एफ म्हणजे प्रोटीनमधल्या ॲस्परॅजिन या अमिनो ॲसिडला जोडलेली साखरेची साखळी (एन-ग्लायकन) कापून काढणारं एन्झाइम. त्याचा जीन पीईटी व्हेक्टरमध्ये (जीन पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या वर्तुळात) घातला, ई. कोलायच्या बीएल२१ (डीई३) स्ट्रेनमध्ये ३७ अंशांवर एक्स्प्रेस केला आणि हिस-टॅगच्या (टोकाला जोडलेल्या हिस्टिडिनच्या शेपटीच्या) आधाराने निकेल कॉलमवर एन्झाइम शुद्ध केलं. प्रोटीनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या एसडीएस-पेज जेलवर ३६ किलोडाल्टनच्या आसपास एकच ठळक बँड दिसतो, ब्रॅडफर्डमध्ये (प्रोटीनचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीत) प्रोटीनही भरपूर येतं. पण हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज आणि स्वतःचं ग्लायकोप्रोटीन, दोन्हींवर रात्रभर ठेवूनही बँड जागचा हलत नाही. एन्झाइम मेलं आहे का, आणि आता विकतचंच घ्यावं का?

सगळ्यात आधी हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज बाजूला ठेवा. ते जवळपास प्रत्येक लॅबच्या फ्रिजमध्ये असतं, ग्लायकोप्रोटीन म्हणून प्रसिद्ध आहे, म्हणून चाचणीसाठी हात त्याच्याकडेच जातो. पण ते वनस्पतीतून येतं. वनस्पती एन-ग्लायकनच्या अगदी मुळाशी, म्हणजे ॲस्परॅजिनला चिकटलेल्या पहिल्या एन-ॲसिटाइलग्लुकोसामिन या साखरेवर, फ्यूकोज ही दुसरी साखर अल्फा-१,३ जोडणीने लावतात. ती फ्यूकोज तिथे असली की पीएनगेज एफला काप घेता येत नाही. एन्झाइम कितीही ताजं असो, कितीही घाला, निकाल शून्यच येणार. सस्तन प्राण्यांच्या ग्लायकनमध्ये मुळाशी फ्यूकोज असली तर ती अल्फा-१,६ जोडणीने असते, तिची काही अडचण येत नाही. तेव्हा पेरॉक्सिडेजवरच्या प्रयोगातून तुमच्या एन्झाइमबद्दल काहीच कळलेलं नाही. अशा सब्स्ट्रेटसाठी (एन्झाइम ज्यावर काम करतं त्या प्रोटीनसाठी) बदामातून मिळणारं पीएनगेज ए वापरतात, तेही आधी प्रोटीनचे पेप्टाइड करून घेतल्यावर.

राहिलं तुमचं स्वतःचं ग्लायकोप्रोटीन. तिथे दोष एन्झाइमचा असेल किंवा सब्स्ट्रेटचा, आणि दोन्ही अनोळखी असताना कितीही वेळा रिअ‍ॅक्शन लावली तरी उत्तर निघत नाही. एक बाजू पक्की करावी लागते. त्यासाठी आरएनेज बी घ्या. गाईच्या स्वादुपिंडातलं हे प्रोटीन जणू या चाचणीसाठीच बनलं आहे: एकच एन-ग्लायकन, ३४व्या ॲस्परॅजिनवर, पाच ते नऊ मॅनोज असलेलं, मुळाशी फ्यूकोज नाही. साखर निघाली की उरतं ते आरएनेज ए, १३.७ किलोडाल्टनचं. जेलवर १७च्या आसपास असलेला बँड १४च्या आसपास उतरतो, आणि १५ टक्क्यांच्या जेलवर हा फरक डोळ्यांना सहज दिसतो.

रिअ‍ॅक्शन अशी लावा. १० मायक्रोग्रॅम आरएनेज बी, ०.५ टक्के एसडीएस (घडी उलगडणारा डिटर्जंट) आणि ४० मिलिमोलर डीटीटीमध्ये (डायसल्फाइड बंध तोडणाऱ्या रसायनात) १०० अंशांवर दहा मिनिटं. थंड होऊ द्या, झाकणाला लागलेले थेंब सेंट्रिफ्यूजमध्ये खाली आणा. मग ५० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ७.५, आणि १ टक्का एनपी-४० (सौम्य डिटर्जंट). त्यानंतरच एन्झाइम. ३७ अंशांवर एक तास.

या चार ओळींत दोन जागा अशा आहेत जिथे चांगलं एन्झाइमही निकामी दिसतं. पहिली म्हणजे एनपी-४०. एसडीएस जसं सब्स्ट्रेटची घडी उलगडतं तसंच ते पीएनगेज एफचीही उलगडतं. एनपी-४० जास्त प्रमाणात असलं की एसडीएसचे रेणू त्याच्या मिसेलमध्ये (डिटर्जंटच्या रेणूंच्या गोळ्यांत) अडकतात आणि एन्झाइम वाचतं. एनपी-४० विसरलं, कमी पडलं किंवा एन्झाइमच्या नंतर घातलं, तर काही मिनिटांत खेळ संपतो. ट्रायटन एक्स-१०० चालतं, पण क्रम तोच. दुसरी जागा बफर. लॅबमध्ये पोटॅशियम फॉस्फेटची बाटली समोर असते म्हणून तीच उचलली जाते. पोटॅशियम आणि डोडेसाइल सल्फेट एकत्र आले की पांढरा साका बसतो आणि सब्स्ट्रेटही त्यात ओढलं जातं. ट्यूब प्रकाशात धरून बघा. गढूळ दिसली तर पुढे जाऊ नका, सोडियमचा बफर करून पुन्हा सुरुवात करा.

लेन किमान चार हव्यात: एन्झाइम नसलेली पण बाकी सगळं तसंच केलेली, फक्त एन्झाइम असलेली, उकळून मारलेल्या एन्झाइमची आणि खऱ्या रिअ‍ॅक्शनची. फक्त एन्झाइमची लेन अनेक जण वाचवतात. ती वाचवू नका. पीएनगेज एफ स्वतः ३६च्या जवळ धावतं, आणि तुमचं ग्लायकोप्रोटीन ४०च्या आसपासचं असेल तर नवीन दिसलेला बँड साखर निघालेल्या प्रोटीनचा आहे की एन्झाइमचाच, हे त्या लेनशिवाय ठरत नाही. आणखी एक: आरएनेज बीच्या बाजारातल्या नमुन्यात थोडं आरएनेज ए असू शकतं, त्यामुळे एन्झाइम नसलेल्या लेनमध्येही खाली फिकट बँड दिसू शकतो. त्याला यश समजू नका. वरचा बँड किती उरला हे बघा.

एकाच प्रमाणावर थांबूही नका. एन्झाइम दरवेळी तिपटीने पातळ करत सहा-सात नळ्या लावा आणि कुठपर्यंत वरचा बँड पूर्ण जातो ते शोधा. हीच तुमची अ‍ॅक्टिव्हिटी. अनेक ठिकाणी युनिटची व्याख्याही अशीच करतात: १० मायक्रोग्रॅम उकळलेल्या आरएनेज बीमधली ९५ टक्क्यांहून जास्त साखर ३७ अंशांवर एका तासात काढायला लागणारं एन्झाइम. काही जण मात्र मिनिटाला एक मायक्रोमोल ही आंतरराष्ट्रीय व्याख्या वापरतात, आणि या दोन युनिटांच्या आकारात प्रचंड तफावत आहे. दोन बाटल्यांवरचे आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करू नका, आधी लेबलवरची व्याख्या वाचा.

आता मुद्द्याचं. जेलवरचा बँड म्हणजे एन्झाइम नव्हे. एसडीएस-पेजमध्ये आपण प्रोटीनची घडी मुद्दाम मोडतो आणि मग त्याची लांबी मोजतो. नीट घडी बसलेला रेणू आणि चुकीची घडी बसलेला रेणू तिथे एकाच जागी धावतात. ब्रॅडफर्डलाही दोघांतला फरक कळत नाही. निकेल कॉलम फक्त हिस्टिडिनची शेपटी ओळखतो. म्हणजे तुम्ही आतापर्यंत वापरलेल्या तिन्ही कसोट्या घडीबद्दल आंधळ्या आहेत, आणि नेमकी घडी हाच या एन्झाइमचा नाजूक भाग आहे.

पीएनगेज एफ मुळात ज्या जिवाणूचं आहे तो आज एलिझाबेथकिंगिया मेनिंगोसेप्टिका या नावाने ओळखला जातो. १९५९ मध्ये एलिझाबेथ किंग यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा तो फ्लॅव्होबॅक्टेरियम होता, मधल्या काळात क्रायसिओबॅक्टेरियम झाला आणि २००५ मध्ये किंग यांच्याच नावाच्या प्रजातीत गेला. जुने पेपर शोधताना तिन्ही नावं लागतात. तो नवजात बाळांना मेनिंजायटिस करू शकतो, आणि त्याच्या कल्चरमधून एन्झाइम काढलं तर सोबत एंडो एफ गटातली इतर एन्झाइम आणि प्रोटिएज येतात. ई. कोलायमध्ये बनवण्याची खरी कारणं ही दोन. तो जिवाणू हे एन्झाइम पेशीबाहेर सोडतो. म्हणून जीनच्या सुरुवातीला ४० अमिनो ॲसिडांचा सिग्नल असतो, आणि तो कापून गेल्यावर ३१४ अमिनो ॲसिडांचं एन्झाइम उरतं. त्यात तीन डायसल्फाइड बंध (दोन सिस्टिनांना जोडणारे) आहेत. त्यांतल्या एका बंधातलं सिस्टिन २०४ आणि २०८ या जागांवर आहे, आणि काप घेण्यात भाग असलेलं २०६वं ग्लुटामेट या दोहोंच्या मधोमध बसलेलं आहे. तो बंध जुळला नाही तर अ‍ॅक्टिव्ह साइटची एक बाजूच सैल राहते.

ई. कोलायच्या सायटोप्लाझममधलं वातावरण रिड्यूसिंग असतं. तिथे असे बंध जुळत नाहीत, किंवा अर्धवट जुळतात. त्यात तुम्ही ३७ अंशांवर एक्स्प्रेस केलं आहे, म्हणजे प्रोटीन भराभर बनत गेलं आणि घडी बसायला उसंत मिळाली नाही. काही भाग इन्क्लुजन बॉडीत (न विरघळलेल्या प्रोटीनच्या गोळ्यांत) जातो आणि तो निदान सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसून आपली ओळख देतो. खरा फसवा असतो तो विरघळलेला पण नीट घडी न बसलेला भाग. तो कॉलमला चिकटतो, सुंदर बँड देतो आणि काम करत नाही. सायटोप्लाझममध्ये बनवलेल्या तयारीत थोडी अ‍ॅक्टिव्हिटी सापडतेही, म्हणून वर सांगितलेली पातळ करत जाण्याची चाचणी आधी करा. एन्झाइम पूर्ण मेलेलं नसून दर मिलिग्रॅममागे फार कमी चालतं असं निघण्याची शक्यता मला जास्त वाटते.

इथे एक शंका हमखास येते: चाचणीतच डीटीटी आहे, मग तो हे बंध तोडत नाही का? घडी पूर्ण बसलेल्या पीएनगेज एफला तेवढा डीटीटी सोसतो. घडी बसत असतानाच बंध न जुळणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे बिघडलेलं नंतर आपोआप दुरुस्त होत नाही.

उपाय दोन. पहिला, आणि माझ्या पसंतीचा, एन्झाइम पेरिप्लाझममध्ये (पेशीच्या दोन आवरणांमधल्या जागेत) पाठवणं. मूळ सिग्नलऐवजी पेलबी किंवा ओएमपीए सिग्नल लावा आणि हिस-टॅग शेवटच्या टोकाला, म्हणजे सी-टर्मिनसला ठेवा. पुढच्या टोकाला, सिग्नलच्याही आधी ठेवला तर सिग्नलसोबत तोही कापला जाईल. पेरिप्लाझममध्ये डीएसबी गटाची प्रोटीनं डायसल्फाइड जोडायला हजरच असतात. दुसरा उपाय म्हणजे शफल किंवा ओरिगामीसारखा स्ट्रेन, ज्याचं सायटोप्लाझमच ऑक्सिडायझिंग केलेलं असतं. यात क्लोनिंग बदलावं लागत नाही, पण पेशी हळू वाढतात. दोन्ही बाबतीत इंडक्शन (एक्स्प्रेशन सुरू करणं) १६ ते २० अंशांवर, रात्रभर, आणि ते सुरू करणारं आयपीटीजी ०.१ मिलिमोलरच्या जवळपास. कल्चर कमी, फ्लास्क मोठा. हवा भरपूर मिळू द्या. उत्पादन आकड्यात घटेल. त्याने खट्टू होऊ नका, तुम्हाला मिलिग्रॅम नको आहेत, कापणारे रेणू हवे आहेत.

पेरिप्लाझममधून काढण्यासाठी ऑस्मॉटिक शॉक. पेशी २० टक्के सुक्रोज, ३० मिलिमोलर ट्रिस पीएच ८ आणि १ मिलिमोलर ईडीटीएमध्ये दहा मिनिटं हलक्या हाताने फिरवायच्या, सेंट्रिफ्यूज करायच्या, आणि पेलेट एकदम बर्फगार ५ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेटमध्ये मोकळा करायचा. बाहेरचं आवरण सुटतं, पेशी मात्र फुटत नाहीत, त्यामुळे नको असलेली प्रोटीनं सुरुवातीलाच कितीतरी कमी होतात. पहिल्या, सुक्रोजवाल्या भागातही एन्झाइम निसटतं, तो फेकू नका. मात्र त्यात ईडीटीए आहे. तो तसाच निकेल कॉलमवर ओतला तर ईडीटीए निकेल ओढून घेतो, निळसर-हिरवा रेझिन डोळ्यांदेखत पांढरा पडतो आणि तुमचं एन्झाइम फ्लो-थ्रूमध्ये (कॉलमला न चिकटता वाहून जाणाऱ्या भागात) निघून जातं. आधी डायलिसिस करा. डीटीटीही कॉलमपासून लांब ठेवा, त्याने रेझिन तपकिरी होतो.

धुताना २० मिलिमोलर इमिडॅझोल, काढताना २५० मिलिमोलर. एवढं इमिडॅझोल असताना २८० नॅनोमीटरवर घेतलेला आकडा फुगतो, म्हणून डायलिसिसनंतर मोजा किंवा ब्लँकमध्ये तोच बफर ठेवा.

आणि आता जे मी प्रत्येकाकडून करून घेते: तक्ता. शॉकचा भाग, फ्लो-थ्रू, वॉश, एल्यूशन, डायलिसिसनंतरचं आणि फ्रीझरमधून बाहेर काढलेलं, या प्रत्येकात किती मिलिग्रॅम प्रोटीन, किती युनिट, आणि भागाकार. या एन्झाइमच्या बाबतीत हे कच्च्या लायसेटमध्येही करता येतं, कारण ई. कोलायला स्वतःची एन-ग्लायकन नाहीत आणि ती कापणारं एन्झाइमही नाही. रिकाम्या व्हेक्टरच्या पेशींचा लायसेट शेजारच्या लेनमध्ये चालवा. तिथेही आरएनेज बीचा बँड हलला किंवा विरळ झाला तर प्रोटिएज आहे असं समजा. तक्ता भरला की गळती कुठे आहे ते आकडेच सांगतात. एकूण युनिट डायलिसिसनंतर कोसळली तर बफर किंवा पिशवीत बसलेला साका बघायचा. शॉकच्या भागातच युनिट नसतील तर कॉलमशी झगडण्यात अर्थ नाही, एक्स्प्रेशनकडे परत जायचं.

साठवण्यासाठी २० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.५, ५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ५ मिलिमोलर ईडीटीए. या एन्झाइमला कापण्यासाठी कोणताही धातू लागत नाही, त्यामुळे ईडीटीए बिनधास्त ठेवता येतो आणि धातूवर चालणारे प्रोटिएज थंड राहतात. ५० टक्के ग्लिसरॉल घालून उणे २० अंशांवर ठेवा. पुढे साखर मास स्पेक्ट्रोमीटरवर बघायची असेल तर ग्लिसरॉल नको, ते सगळीकडे सोबत येतं. तेव्हा ग्लिसरॉलशिवाय ४ अंशांवर ठेवा आणि अ‍ॅक्टिव्हिटी अधूनमधून तपासत राहा. पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं टाळा.

समजा आरएनेज बी छान कापलं गेलं आणि तरीही तुमचं ग्लायकोप्रोटीन हललं नाही. मग एन्झाइमवरचा संशय संपला, सब्स्ट्रेटकडे वळायचं. न उकळलेल्या प्रोटीनमध्ये साखरेचं मूळ घडीच्या आत दडलेलं असू शकतं. तिथे रात्रभर ठेवण्यापेक्षा एसडीएसमध्ये उकळणं कितीतरी उपयोगाचं. नेटिव्ह स्थितीतच हवं असेल तर एन्झाइम आणि वेळ दोन्ही पुष्कळ वाढवावं लागतं, आणि सगळी साखर निघेलच असं नाही. ओ-ग्लायकन (सेरीन किंवा थ्रिओनिनला जोडलेल्या साखरा) हे एन्झाइम काढत नाही, त्यामुळे म्युसिनसारख्या प्रोटीनमध्ये बँड पसरटच राहील. आधी एंडो एच (एन-ग्लायकन मुळाजवळ कापणारं दुसरं एन्झाइम) वापरलं असेल तर ॲस्परॅजिनवर एकच एन-ॲसिटाइलग्लुकोसामिन उरतं, आणि ते पीएनगेज एफला जवळजवळ कापता येत नाही. दोन्हींची तुलना करायची तर दोन वेगळ्या नळ्यांत करा. ट्रिप्सिनने तोडलेल्या पेप्टाइडवर काम करत असाल तर साखर असलेलं ॲस्परॅजिन पेप्टाइडच्या अगदी टोकाला आलं आहे का हे बघा. त्याच्या दोन्ही बाजूंना पेप्टाइड बंध असावा लागतो.

बँड किती सरकायला हवा याचाही अंदाज आधी बांधा. एक ग्लायकन साधारण दीड ते तीन किलोडाल्टनचं. अँटिबॉडीच्या ५० किलोडाल्टनच्या हेवी चेनवर २९७व्या ॲस्परॅजिनवर एकच असतं, म्हणून १२ टक्क्यांच्या जेलवर फरक जेमतेम बोटाच्या नखाएवढा दिसतो, आणि जेल घाईत चालवला तर दिसतही नाही. १५० किलोडाल्टनच्या प्रोटीनवरचं एखादं ग्लायकन जेलवर शोधू नये. तिथे लेक्टिन ब्लॉट (साखर ओळखणाऱ्या प्रोटीनने केलेली चाचणी) करा. हाय मॅनोज साखर असेल तर कॉनकॅनॅव्हॅलिन ए चांगला सिग्नल देतं आणि तो सिग्नल जाणं हाच पुरावा.

मास स्पेक्ट्रोमीटरने साखरेची जागा शोधणार असाल तर एक सावधगिरी. पीएनगेज एफ साखर काढताना ॲस्परॅजिनचं ॲस्पार्टेट करतं आणि वजन ०.९८४ डाल्टनने वाढतं. पण ॲस्परॅजिन आपणहूनही असं बदलतं, विशेषतः त्याच्या पुढे ग्लायसिन असेल आणि बफर अल्कधर्मी, उबदार असेल तर. रात्रभर ३७ अंश आणि पीएच ८ म्हणजे त्यासाठी मोकळं रान. रिअ‍ॅक्शन ऑक्सिजन-१८ असलेल्या पाण्यात लावली तर त्या वेळात बदललेल्या जागेचं वजन जवळपास ३ डाल्टनने वाढतं. त्याने आधीपासून बदललेली ॲस्परॅजिनं वेगळी पडतात, पण नळीतच आपोआप बदललेली नाहीत. म्हणून त्याच पाण्यात, तेवढाच वेळ, एन्झाइमशिवाय ठेवलेला नमुना लागतोच.

विकत घ्यावं का, या प्रश्नाला माझं उत्तर: एक छोटी बाटली नक्की घ्या, पण मोजपट्टी म्हणून. आरएनेज बीवर तिची आणि तुमच्या एन्झाइमची मालिका एकाच जेलवर चालवा. काही मोजके नमुनेच करायचे असतील तर तीच बाटली पुरेल आणि स्वतः बनवण्यात महिने घालवू नका. दर आठवड्याला लागणार असेल तर हे एन्झाइम घरचं करण्यासारखं आहे, आणि प्रत्येक बॅचला दोन चाचण्या बंधनकारक ठेवा. एक आरएनेज बीवर. दुसरी बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनवर, ज्याला एन-ग्लायकन नाही: रात्रभर ३७ अंशांवर ठेवून त्याचा बँड जसाच्या तसा राहिला पाहिजे. खाली तुकडे दिसले तर त्या बॅचमध्ये प्रोटिएज आहे, आणि त्या बॅचने सरकवलेला कोणताही बँड साखर निघाल्याचा पुरावा म्हणून धरता येणार नाही.

शेवटी तुमच्याकडून एक माहिती हवी, जी प्रश्नात नाही: तुमचं ग्लायकोप्रोटीन कुठल्या पेशींत बनवलं आहे? एचईके (माणसाच्या) किंवा सीएचओ (चिनी हॅमस्टरच्या) पेशी असतील तर वर लिहिलेल्या क्रमाने जा. कीटकांच्या पेशींत बनवलं असेल तर आधी पेशीचं नाव बघा. हाय फाइव्ह पेशी मुळाशी अल्फा-१,३ फ्यूकोज बऱ्यापैकी लावतात, एसएफ९ मध्ये ती फार कमी असते. प्रोटीन हाय फाइव्हमधलं असेल तर पेरॉक्सिडेजचीच अडचण तुमच्या दुसऱ्या नळीतही आहे, आणि क्लोनिंग बदलायला घेण्याआधी पीएनगेज ए मागवलेलं बरं.